खरी कीं नुरा?

थोडक्या वेळांत उरकलेल्या गोष्टीवर माणसाचा विश्वास सहसा बसत नाहीं. परीक्षेच्या दालनांतून जो विद्यार्थी अर्ध्या वेळांतच उठून येतो, त्याच्याविषयीं घरचीं माणसें दोनच तर्क करतात : पेपर त्याला मुळींच आला नसेल, किंवा तो आधींच फुटला असेल. त्याला तो उत्तम येत होता, हा तिसरा तर्क कोणाच्या मनांत येत नाहीं. दुकानदारानें पहिल्याच शब्दाला किंमत उतरवली, तर मालांत खोट असली पाहिजे असें आपण धरून चालतों. एकाच बैठकींत लग्न ठरलें, तर वडील मंडळी गुपचूप नव्यानें चौकशी आरंभतात. उलट, जें लांबतें, रेंगाळतें, घाम काढतें, तें खरें, असा आपला एक अलिखित सिद्धांत आहे. ह्या सिद्धांताची परीक्षा घेण्याचा प्रसंग आमच्या घरीं एका परदेशी मुष्टियुद्धानें आणला, असें सांगितल्यास वाचकांना हंसूं येईल; पण खरोखरच तसें घडलें.

आम्ही बदलापूरचे. कल्याणहून कर्जतकडे निघालेली गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ हीं स्थानकें घेत बदलापुरास येते. ह्या मार्गावर राहणाऱ्या माणसाला ‘असली कीं नकली?’ हा प्रश्न बाळपणापासून परिचयाचा असतो. १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणींत सिंधी निर्वासितांना आणून वसविलें, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. सर्वस्व मागें टाकून आलेल्या त्या लोकांनीं हाताला येईल तो धंदा केला, आणि त्यांच्या मालाविषयीं एक विनोद दूरवर पसरला : मालावर छापलेल्या ‘यू. एस. ए.’ ह्या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा घ्यावयाचा! विनोद मजेचा आहे. पण त्याचा भार कोणावर पडतो, ह्याचा विचार हंसणारा करीत नाहीं. त्याच बाजारांत सचोटीनें कपडा शिवणारा आणि सचोटीनें पलंग घडविणारा कारागीरहि आहे. त्याचें काम पाहण्यापूर्वींच गिऱ्हाईक डोळे बारीक करून उभें राहतें. आमची आई मात्र त्या बाजारांत गेली म्हणजे छाप वाचीत नसे. ती कपडा उलटा करी, शिवणींतला दोरा ओढून पाही आणि मगच तोंड उघडी. “छाप कोणीहि मारील, शिवण बघावी,” असें तिचें म्हणणें असे. त्या म्हणण्याचा उपयोग मला पुढें निराळ्याच क्षेत्रांत झाला.

आमचें कुटुंब एकत्र आहे, आणि एकत्र कुटुंबांत कोणताहि वाद एकट्यादुकट्याचा राहत नाहीं. थोरले बंधू, ज्यांना सारें घर अण्णा म्हणतें, जन्मभर शाळेंत गणित शिकवीत आले. मीं अंबरनाथच्या एका कारखान्याच्या कचेरींत हिशेब लिहिण्यांत आयुष्य काढलें. रात्रींचीं जेवणें आटोपलीं कीं ओटीवर मंडळी जमतात. एके रात्रीं धाकट्या पुतण्यानें आपल्या मोबाइलवर एक जुनी फिल्म लावली आणि ती सर्वांपुढें धरून विचारलें, “अण्णाकाका, पाहा आणि सांगा, ही लढत खरी कीं नुरा?” कुस्तीच्या शौकिनांना ‘नुरा’ हा शब्द समजावून सांगावयास नको. इतरांसाठीं सांगतों कीं, दोन मल्लांनीं आधींच आपसांत ठरवून केलेली, लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणारी जी कुस्ती, ती नुरा.

फिल्म होती २५ मे १९६५ ची. त्या दिवशीं अमेरिकेंतील मेन राज्यांत, लुइस्टन नांवाच्या लहानशा शहरीं, मुष्टियुद्धाच्या सर्वांत वजनदार गटांतील जगज्जेतेपदासाठीं मुहम्मद अली आणि सनी लिस्टन हे दोघे समोरासमोर आले. पहिलीच फेरी, आणि तिचीं दोन मिनिटेंहि पुरीं झालीं नव्हतीं, तोंच अलीचा उजव्या हाताचा एक आखूड ठोसा गेला आणि लिस्टन जमिनीवर आडवा झाला. भोंवतालच्या प्रेक्षकांपैकीं पुष्कळांना तो ठोसा दिसलाच नाहीं. लढत ठरलेली होती अशी आरोळी तेथल्या तेथें उठली, आणि त्या ठोशाला भुताटकीच्या ठोशाचें नांव पडलें. साठ वर्षें उलटून गेलीं, तरी तो वाद अजून मिटलेला नाहीं.

“ह्यांत पाहायचें काय?” अण्णा म्हणाले. “एवढा पर्वतप्राय माणूस अशा टिचकीनें पडतो होय? ही ठरलेली.”

अण्णांच्या म्हणण्याला आधार नव्हता असें नाहीं. लिस्टनचें चरित्रच संशयाला पोषक होतें. तो मुष्टियुद्ध शिकला तुरुंगांत. त्याच्या आरंभींच्या कारकीर्दीवर गुन्हेगारी जगांतील माणसांचा ताबा होता, हें अमेरिकेंत उघड गुपित होतें. त्यापूर्वीं २५ फेब्रुवारी १९६४ रोजीं मायामी येथें ह्याच अलीशीं लढतांना तो सातव्या फेरीसाठीं आपल्या जागेवरून उठलाच नाहीं. खांदा दुखावल्याचें कारण त्यानें दिलें. तेव्हांच लोकांच्या भुंवया उंचावल्या होत्या. दुसरी लढत त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत बोस्टन येथें व्हावयाची होती. पण ऐन वेळीं अलीला अंतर्गळाचा विकार होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. पुढें बोस्टनकर अधिकाऱ्यांनीं ती लढत नको म्हटल्यावर ती लुइस्टनच्या एका लहान सभागृहांत येऊन पडली. अधिकृत आंकड्याप्रमाणें प्रेक्षक होते अवघे २,४३४. जगज्जेतेपदाची लढत, आणि एखाद्या तालुक्याच्या गांवीं नाटकाला जमावी तेवढी मंडळी! त्यांत लिस्टनला धमक्या आल्या होत्या, जुगाऱ्यांनीं त्याला विकत घेतलें होतें, अलीच्या पुढल्या मिळकतींत त्याचा वांटा ठरला होता, अशा नाना कंड्या. एकेक कंडी अलग घेतली तर पोकळ; पण सगळ्यांची मोळी बांधली कीं वजनदार वाटूं लागते.

पुतण्या मात्र गप्प बसला नाहीं. “अण्णाकाका, हाच लिस्टन १९६२ सालीं जगज्जेता कसा झाला, सांगूं? फ्लॉयड पॅटरसनला त्यानें शिकागोस पहिल्याच फेरींत, दोन मिनिटें सहा सेकंदांत पाडलें. पुढल्या वर्षीं लास व्हेगासला तोच पॅटरसन पुन्हां समोर आला, आणि पुन्हां पहिल्याच फेरींत, दोन मिनिटें दहा सेकंदांत पडला. त्या लढतींना भुताटकी म्हणत कोणी बसलेलें नाहीं. लिस्टन पाडतो तेव्हां खरें आणि लिस्टन पडतो तेव्हां खोटें, हा कोणता न्याय?”

प्रश्न बिनतोड होता. त्यानें सिद्ध एवढेंच होत होतें कीं, वेळ थोडा लागला हा काही खोटेपणाचा पुरावा नव्हे. परंतु त्यावरून लुइस्टनची लढत खरी ठरत नव्हती. अण्णा विचारांत पडले. तेवढ्यांत वहिनी दुधाचें भांडें झांकून बाहेर आल्या होत्या. त्यांनीं विचारलें, “तें सगळें राहूं द्या. माणूस पडल्यावर दहा आंकडे मोजतात ना? मग ते मोजले कोणीं?”

ज्या हातीं घरखर्चाची वही असते, त्याच हातानें असा प्रश्न विचारावा! पुतण्यानें फिल्म पुन्हां लावली, आणि आतां आम्हीं ठोशाकडे न पाहतां पंचाकडे पाहूं लागलों.

मुष्टियुद्धाचा नियम असा कीं, एकजण पडला म्हणजे उभ्या राहिलेल्यानें दूरच्या मोकळ्या कोपऱ्यांत जाऊन थांबावें. तो तेथें पोंचल्यावर पंचानें बाहेर बसलेल्या वेळ-नोंद करणाऱ्याकडून आंकडा उचलावा आणि पडलेल्याला ऐकूं जाईल असा मोठ्यानें मोजावा. दहापर्यंत तो उठला नाहीं तर निकाल. हा नियम किती महत्त्वाचा आहे तें १९२७ सालीं शिकागोच्या लढतींत दिसून आलें होतें. तेथें डेम्प्सीनें टनीला पाडलें, पण स्वतः कोपऱ्यांत जाण्यास विलंब लावला. मोजणी उशिरा सुरू झाली, टनी सांवरला आणि शेवटीं जिंकला. ‘लांबलेली मोजणी’ म्हणून ती लढत आजहि ओळखली जाते.

लुइस्टन येथें ह्या नियमाची दाणादाण उडाली. पंच होता जर्सी जो वॉलकॉट, स्वतः एके काळचा जगज्जेता. अली कोपऱ्यांत गेलाच नाहीं. तो पडलेल्या लिस्टनच्या डोक्याशीं उभा राहून ‘ऊठ आणि लढ’ असें ओरडत राहिला. त्या क्षणाचें छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. वॉलकॉट अलीला आवरण्यांत गुंतला आणि मोजणी त्यानें उचललीच नाहीं. बाहेर वेळ-नोंद करणारा आपल्याशीं आंकडे म्हणत होता; ते ना पंचाला ऐकूं गेले, ना पडलेल्या माणसाला. लिस्टन गुडघ्यावर आला, पुन्हां कोसळला, आणि अखेर उभा राहिला. दोघे पुन्हां लढूं लागले. तेवढ्यांत ‘द रिंग’ ह्या मासिकाचे संपादक नॅट फ्लेशर ह्यांनीं खालून हांक मारून वॉलकॉटला सांगितलें कीं, दहा आंकडे केव्हांच होऊन गेले. ते कांहीं त्या लढतीचे पंच नव्हते. तरी वॉलकॉट लढणाऱ्या दोघांना तसेंच सोडून कडेला गेला, बोलणें ऐकून परतला आणि लढत थांबविली. त्यावर कळस असा कीं, निकाल एका मिनिटांत लागला अशी घोषणा झाली. आणि फिल्मवर मोजावें तर लिस्टन पडला तोच एक मिनिट चव्वेचाळीस सेकंदांनीं, व लढत थांबली ती दोन मिनिटें उलटून गेल्यावर!

म्हणजे तेथें बुडाला तो साक्षीदार. ठोसा खरा असो वा खोटा. त्याची साक्ष देण्यासाठीं जी व्यवस्था होती, ती त्या रात्रीं मुकी झाली होती. आणि जेथें साक्ष मुकी होते, तेथें कंड्यांना वाचा फुटते.

आपल्याकडील मातीच्या कुस्तीशीं ह्याची तुलना केली म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होईल. कुस्तींत दहा आंकडे नाहींत, घड्याळहि फारसें नाहीं. दोन्ही खांदे एकाच वेळीं मातीला टेकले कीं मल्ल चीत. १९१२ सालीं शाहू महाराजांनीं कोल्हापुरास खासबागेचें मैदान बांधलें, तें मध्यभागीं हौदा आणि भोंवतीं चढतें बसणें अशा रीतीचें; शेवटल्या ओळींतील माणसालाहि खांदे दिसावेत ही त्यांतली दृष्टि. शिवाय मातीचा एक गुण असा कीं, ती अंगाला लागते. कुस्ती संपली तरी पाठीवरची माती संपत नाहीं. पंच चुकला, प्रेक्षक चुकला, तरी ती माती साक्ष देत उभी राहते.

आणि नुरा कुस्तीचा स्वभाव तर आपल्या अलिखित सिद्धांताच्या अगदीं उलट आहे. ठरवून लढणारे दोघे कधींच घाईंत नसतात. प्रेक्षकांनीं पैसे मोजलेले असतात. त्यांचें समाधान करून घरीं पाठवावयाचें असतें. म्हणून नुरेंत डाव चढतो आणि उतरतो, मल्ल हौद्याच्या कडेपर्यंत जातात आणि परततात, घामाच्या धारा लागतात, आणि शेवटीं कुस्ती बहुधा बरोबरींत सुटते. लबाडीला देखावा लागतो आणि देखाव्याला वेळ लागतो. ज्याला फसवावयाचें आहे तो एका निमिषांत पडून आपल्यावर संशय कशाला ओढवून घेईल?

ह्याला इतिहासाचा दाखला आहे. १९१० सालीं लंडन येथें आपल्या देशाचा गामा पहिलवान पोलंडच्या झिबिस्कोशीं लढला. झिबिस्को जमिनीला चिकटून पालथा पडून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ कुस्ती चालली आणि निकालाविना संपली. पुढल्या ठरलेल्या दिवशीं झिबिस्को आलाच नाहीं. मग १९२८ च्या जानेवारींत, पतियाळा येथें, अफाट जनसमुदायासमोर ते दोघे पुन्हां भेटले. दोघेहि पन्नाशीच्या घरांत पोंचलेले. आणि गामानें झिबिस्कोला एका मिनिटाच्या आंत चीत केलें. पहिली लढत कंटाळवाणी होती, दुसरी क्षणभराची. पण दुसरीच आजवर अभिमानानें सांगितली जाते. कारण ती माती होती, दिवसाउजेडीं होती, आणि झिबिस्कोची पाठ हजारोंनीं पाहिली होती.

अलीकडील उदाहरण पाहा. महाराष्ट्र केसरीच्या किताबासाठीं जानेवारी २०२३ मध्यें पुण्यास शिवराज राक्षे ह्यांनीं महेंद्र गायकवाड ह्यांना एका मिनिटाच्या आंत चीत केलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत, पुण्याजवळ फुलगांव येथें, त्याच राक्षे ह्यांना सिकंदर शेख ह्यांनीं झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्याहि आंत आस्मान दाखविलें. ज्यानें झटकन् पाडलें तोच झटकन् पडला. लिस्टनची गोष्ट थेट पुन्हां घडली! पण ह्या दोन्ही निकालांना आमच्या ओटीवर तरी कोणीं नुरा म्हटलें नाहीं. चितपट इतकी स्वच्छ होती कीं जिभेला जागाच उरली नाहीं. ह्याउलट फेब्रुवारी २०२५ मध्यें अहिल्यानगरला काय झालें तें सर्वांना स्मरत असेल. गादीवरील अंतिम लढतींत पंचांनीं पृथ्वीराज मोहोळ ह्यांच्या बाजूनें चितपटीचा निकाल दिला. राक्षे ह्यांचें म्हणणें, आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहींत, निकाल पुन्हां तपासावा. शब्दानें शब्द वाढला, रागाच्या भरांत पंचांवर लाथ उगारली गेली, आणि तीन वर्षांच्या बंदीची घोषणा झाली. लाथेचें समर्थन कोणीहि करणार नाहीं. पण एवढें लक्षांत घ्यावें कीं, गादी ही मातीसारखी नव्हे; ती पाठीला लागत नाहीं. जेथें अंगावर खूण राहत नाहीं, तेथें निकाल देणाऱ्यानें तो सर्वांसमक्ष दाखवून देण्याची जबाबदारी दुपटीनें वाढते.

खेळाच्या एका वादांत मी इतका कां गुंतलों, ह्याचें कारण आतां सांगतों. बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या वाटेवर एक गांव आहे. तेथील जत्रेंत मातीच्या कुस्त्या होतात. नारळावर आरंभ होतो आणि शेवटीं मोठ्या इनामाच्या जोडी लागतात. आमच्या आळींतील एक मुलगा, जो लहानपणीं अण्णांपाशीं गणित शिकावयास येई, तीन वर्षें तालमींत जोर-बैठका काढून कांहीं वर्षांपूर्वीं त्या फडांत उतरला. आम्ही दोघे भाऊ मुद्दाम पाहावयास गेलों होतों. त्याची जोड लागली अंबरनाथच्या एका मल्लाशीं. तो वयानें, वजनानें आणि नांवानेंहि मोठा. हलगी कडाडली, दोघांनीं माती लावून हात मिळविले, आणि पहिल्याच खडाखडींत आमच्या मुलानें ढाक मारली. मीं चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवीपर्यंत तो मोठा मल्ल आभाळाकडे पाहत होता.

क्षणभर फड निःशब्द झाला. मग कोणीतरी ओरडलें, “नुरा!” आणि त्या एका शब्दानें गर्दी पेटली. लांबून चालत आलेल्या लोकांच्या पदरीं एक निमिष पडलें होतें. आपला वेळ बुडाला ह्याचा राग त्यांनीं लबाडीच्या संशयांत ओतला. जत्रेच्या पंचांनीं इनाम हातांतच धरून ठेविलें. तेव्हां पडलेल्या मल्लाचा वस्ताद, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, हौद्यांत उतरला. त्यानें आपल्या शिष्याला खांद्याला धरून गर्दीकडे पाठ करून उभें केलें. दोन्ही खांद्यांवर तांबडी माती घामानें भिजून तळहाताएवढी बसली होती. “पोरगा माझा, हार माझी,” तो म्हणाला. “ही माती मी लावलेली नाही. ज्याचं त्याला द्या.”

इनाम दिलें गेलें. पण शब्द कोणीं परत घेतला नाहीं. पुढें कित्येक महिने बाजारांत लोक त्या मुलाला हंसत विचारीत, “काय रे, किती ठरले होते?” एके दिवशीं त्याची आई वहिनींपाशीं येऊन बसली आणि म्हणाली, “वहिनी, पोरानं चोरी केली असती तर माल परत देऊन मोकळा झाला असता. न केलेली चोरी परत कशी करायची?” वहिनींना उत्तर देतां आलें नाहीं. मुलगा दीड वर्ष फडाकडे फिरकला नाहीं. नंतर तो पुन्हां उतरूं लागला, आणि जिंकतोहि. परंतु आतां तो पहिल्या झटक्याला कोणास पाडीत नाहीं. डाव हातीं आला तरी सोडून देतो, दोन-चार मिनिटें जोडीदाराला खेळवीत ठेवतो, मग चीत करतो. अण्णांनीं एकदां कारण विचारलें, तेव्हां मान खालीं घालून म्हणाला, “लवकर पाडलं तर खोटं ठरतं, सर.”

हें वाक्य माझ्या मनांतून जात नाहीं. ज्या मुलानें कधीं नुरा केली नाहीं, त्याला आमच्या संशयानें थोडी थोडी नुरा करावयास शिकविलें. खऱ्याला खरें दिसण्यासाठीं सोंग घ्यावें लागावें, ह्याहून संशयाचा मोठा पराक्रम तो कोणता? आणि हें कांहीं फडापुरतेंच नाहीं. ज्या घरांत लवकर सुटलेल्या गणिताबद्दल मुलाला ‘कोणाचें पाहून लिहिलेंस?’ असें विचारतात, त्या घरांतील मुलगा पुढें गणित सोडवून झाल्यावरहि पाटीवर पेन्सिल फिरवीत बसतो. सुनेचा स्वयंपाक झटपट झाला कीं कांहींतरी राहिलें असलें पाहिजे असें जेथें धरून चालतात, तेथें ती झालेल्या स्वयंपाकापाशींहि तासभर घुटमळत राहते. शंका घेऊं नये असें माझें म्हणणें नाहीं. आमची आई दोरा ओढल्यावांचून कपडा घेत नसे. पण ती दोरा ओढी. ‘इतक्या लवकर कसें झालें?’ हा प्रश्न विचारून थांबणें म्हणजे छाप वाचून परत फिरणें. ‘साक्ष काय आहे, दाखवा’ असें म्हणणें म्हणजे शिवण पाहणें. पहिल्या प्रश्नाला खऱ्या माणसापाशीं उत्तर नसतें. दुसऱ्याला असतें, आणि तें दाखविल्यावर आपणहि आपला शब्द परत घेतला पाहिजे.

लुइस्टनविषयीं माझें मत विचाराल तर तें सांगतों. फिल्म संथ करून पाहिली असतां अलीचा ठोसा लिस्टनच्या डोक्यास लागलेला दिसतो. तेव्हां ठोसा खरा. लढत आधीं ठरली होती, हें इतक्या वर्षांत कोणीहि सिद्ध केलेलें नाहीं. लिस्टन वेळेवर कां उठला नाहीं, ह्याचें एक साधें कारण डोळ्यांसमोर आहे : आंकडे त्याला ऐकूं येत नव्हते, आणि डोक्याशीं प्रतिस्पर्धी हात उगारून उभा होता. ह्यापलीकडे त्याच्या मनांत कांहीं असेल तर तें त्याच्याबरोबर गेलें. जें सिद्ध नाहीं तें मी त्याच्या नांवावर मांडणार नाहीं. अण्णांना हें पुरतें पटलेलें नाहीं, पण ‘ठरलेली’ हा शब्द त्यांनीं मागें घेऊन त्या जागीं ‘नीट न मोजलेली’ हा शब्द घातला आहे. गणिताच्या मास्तरांकडून ह्याहून अधिक कबुली मिळत नसते.

लिस्टन त्यानंतरहि लढला, आणि पुष्कळ लढती त्यानें जिंकल्या. पण लोकांनीं त्याला ओळखलें तें त्या एका पडण्यावरून. जानेवारी १९७१ मध्यें लास व्हेगास येथील राहत्या घरांत तो मृतावस्थेंत सांपडला. त्याच शहरीं त्याचें थडगें आहे. त्यावरच्या पाटीवर जगज्जेता म्हणून उल्लेख नाहीं, कोणत्या लढतीची नोंद नाहीं. नांव, दोन सालें, आणि त्यांखालीं एवढेंच : एक माणूस.